सावली बटणावर की हातावर?

ॲरिझोनाच्या वाळवंटात दर हिवाळ्यात चाकांवरचं एक अख्खं शहर वसतं. तिथल्या जवळपास प्रत्येक घराला गुंडाळून ठेवता येणारी पडवी असते. ती मोटरने उघडायची की हाताने? प्रश्न छोटा आहे, पण वाद मात्र सॉलिड!

फ्लॅट बघायला गेल्यावर आपण सगळ्यात आधी कुठे जातो? सरळ बाल्कनीत! हॉल, किचन, मॉड्युलर ट्रॉल्या वगैरे नंतर. आधी तिथे दोन खुर्च्या आणि चहाचा ट्रे मावतोय का, ते बघायचं. घराकडे पाठ करून, पाय लांब करून चहा पिणं ही आपली जुनी चैन. गावाकडे त्यासाठी ओसरी होती, पडवी होती. शहरात चार बाय आठचा तुकडा उरला, पण तोही सोडला नाही कुणी!

अमेरिकेत जी मंडळी घरालाच चाकं लावून हिंडतात, त्यांचंही अगदी तसंच आहे. फक्त त्यांची पडवी गुंडाळलेली असते. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या डोक्यावर एक लांबलचक रूळ दिसतो. मुक्कामी पोचलं की तो उलगडायचा, की झाली सावली. याला म्हणतात ऑनिंग. उलगडायचे प्रकार दोन. एक म्हणजे बटण दाबा आणि बाजूला व्हा. दुसरा म्हणजे आकडीची काठी घ्या आणि ओढा. बस्स, एवढंच. पण गेल्या जानेवारीत मी आठवडाभर ॲरिझोनात होते, तेव्हा या एवढ्याशा प्रश्नावरून एका मराठी कुटुंबात अबोला होता होता राहिला. हे कुटुंब माझंच!

चाकांवरचं गाव

फिनिक्सहून आय-१० हायवे पकडायचा आणि पश्चिमेला सुटायचं. साधारण २०० किलोमीटर, दोन तास. कॅलिफोर्नियाची हद्द तीसेक किलोमीटरवर आली की क्वार्ट्झसाइट लागतं. २०२० च्या जनगणनेत इथे अडीच हजारांच्या आत माणसं होती. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो आणि रस्ते ओस पडतात. थंडीत मात्र सीन एकदम बदलतो. कॅनडातली आणि अमेरिकेच्या बर्फाळ उत्तरेतली रिटायर्ड मंडळी आपापली घरं गाड्यांना जोडून इथे उतरतात. त्यांना म्हणतात 'स्नोबर्ड'. थंडी टाळायला येणारे पक्षीच ते! जानेवारीच्या उत्तरार्धात इथे भल्यामोठ्या तंबूत आरव्हींचं, म्हणजे मोटरहोम आणि ट्रेलर मंडळींचं प्रदर्शन भरतं. रंगीत खडे, रत्नं आणि दगडांचे बाजार तर १९६० च्या दशकापासून भरतायत. 'नोमॅडलँड' हा २०२० चा ऑस्करविजेता सिनेमा पाहिला असेल, तर त्यातलं वाळवंट आठवा. त्याचं काही शूटिंग इथलंच.

गावाच्या कब्रस्तानात दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने सामान वाहायला उंट आणून बघितले. त्यांच्याबरोबर आलेला एक उंटवाला म्हणजे हाजी अली. इथल्या लोकांच्या तोंडी त्याचा 'हाय जॉली' झाला. १९०२ मध्ये तो इथेच वारला आणि हे स्मारक १९३५ मध्ये उभं राहिलं. थोडक्यात काय, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांची या गावाला जुनी सवय आहे.

आम्ही उतरलो होतो ला पोसाला. गावाच्या दक्षिणेला ११,४०० एकर सरकारी जमीन, म्हणजे सुमारे ४६ चौरस किलोमीटर. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परमिट काढून तुम्ही इथे मुक्काम ठोकू शकता. पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, टाकीतलं सांडपाणी सोडायची सोय आहे, कचरापेट्या आहेत. जागोजागी विजेचा प्लग मात्र नाही. अशा बिनविजेच्या मुक्कामाला इथे 'बूनडॉकिंग' म्हणतात. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत 'बुंदोक' म्हणजे डोंगर, त्यावरून आलेला शब्द. प्रत्येकाच्या छपरावर सोलर पॅनल, पोटात बॅटरी आणि दारात सावली. दूरवर करड्या डोंगरांची रांग, मध्ये क्रिओसोटची झुडपं आणि पायाखाली कडक, दगडगोट्यांची जमीन. तंबूची मेख ठोकायला बसलात तर हात भरून येतील!

१४४ चौरस फुटांचा मामला

दादा आणि वहिनी फिनिक्सजवळ राहतात. दोघंही चिप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये. दोघांनी मिळून एक सेकंडहँड ट्रेलर घेतलाय. आतली जागा पंचवीस बाय आठ, म्हणजे २०० चौरस फूट. ऑनिंग अठरा बाय आठचं, म्हणजे १४४ चौरस फूट. ते उघडलं की घर जवळजवळ पाऊणपट वाढतं! त्या सावलीत स्वयंपाक होतो, पत्ते होतात, लॅपटॉप उघडून मीटिंगाही होतात. ते नसेल तर भर दुपारी पाच माणसं पत्र्याच्या डब्यात.

आणि ते नव्हतंच. आधीच्या मालकाने एक दांडी वाकवून ठेवली होती, कापडही उन्हाने कडकडीत झालेलं. अमेरिकेत नव्या ट्रेलरवर आता बहुतेक वेळा मोटरवालंच ऑनिंग येतं, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. जुना ट्रेलर घेतला की तो येतो. वर्कशॉपवाल्याने दोन कोटेशनं दिली. मॅन्युअल स्वस्त, मोटरचं बरंच महाग.

काका-काकू सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेत. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. वय एकाहत्तर. एक खांदा आखडलेला, पण पाना हातात घेतला की खांदा विसरतात. त्यांचं मत पहिल्या मिनिटाला तयार! 'जिथे वीजच नाही, तिथे मोटर कशाला? बिघडली की बसा बोंबलत.' वहिनीचं म्हणणं, बटण हवं. दादा एक्सेल शीट उघडून बसला. काकूंना कुणी विचारलंच नाही. काकांना मात्र टोचलं ते वेगळंच. इथे आल्यापासून डिशवॉशर बटणावर, गॅरेजचं दार बटणावर, गाडीची डिकीसुद्धा बटणावर. 'एक काम हाताने करायचं शिल्लक होतं, तेही काढून घ्या!' असं म्हणून ते चालायला निघून गेले.

मी वही घेतली आणि शेजारी फिरायला लागले.

हाताची करामत

पहिलं दार कॅनडातल्या अल्बर्टाच्या एका आजी-आजोबांचं. त्यांचं ऑनिंग मॅन्युअल. आजोबांनी अख्खा प्रयोग करून दाखवला.

आधी दोन्ही दांड्यांच्या मागचे नॉब सैल करायचे. मग प्रवासात दांड्या धरून ठेवणारे खटके सोडायचे. रुळाच्या टोकाशी एक छोटा खटका असतो, तो काठीच्या आकडीने 'उघडा'च्या बाजूला पाडायचा. कापडाला शिवलेल्या पट्ट्यात आकडी अडकवायची आणि उलट्या पावली मागे मागे यायचं. रुळाच्या आत पीळ दिलेली स्प्रिंग असते. तुम्ही ओढता तशी ती आणखी पीळ खाते, म्हणूनच बंद करताना तीच कापड आत ओढून घेते. शेवटी आडव्या दांड्या रुळापर्यंत सरकवायच्या, नॉब आवळायचे आणि सगळं उचलून हव्या उंचीवर अडकवायचं. आजोबा आजींशी गप्पा मारत मारत हे करतात. पाच मिनिटंही लागली नाहीत.

याचे फायदे खरेच आहेत. वायर नाही, फ्यूज नाही. उभ्या दांड्यांचे पाय ट्रेलरच्या भिंतीवरून काढून थेट जमिनीत रोवता येतात, की झाला मांडव. त्यामुळे वाऱ्याला थोडा जास्त आधार मिळतो. एक बाजू खाली घेतली की पावसाचं पाणी एका कोपऱ्यातून उतरतं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की पुढची कड खाली ओढून तोंडावरचं ऊन अडवता येतं. ट्रेलरचं दार उजवीकडे, म्हणून ऑनिंगही उजवीकडेच. त्यामुळे गाडी कुठल्या तोंडाने लावली यावरच दिवसभराची सावली ठरते. चुकलं तर निदान कड तरी खाली घेता येते.

पण ती स्प्रिंग म्हणजे चेष्टा नाही. दुरुस्तीसाठी रूळ काढायचा असेल तर आधी पिन घालून ती अडकवावी लागते. नाहीतर रूळ असा गरकन फिरतो की बोटं जायची. आणि उंची लागते. खांदा वर न्यावा लागतो. दुसऱ्या टोकाला दुसरं माणूस असलं तर काम निम्मं होतं.

'आम्ही दोघं आहोत तोवर हेच,' आजी म्हणाल्या. 'एकटी राहिले तर बटण लावून घेईन.' पडदे बदलायचे आहेत इतक्या सहज म्हणाल्या. आजोबांनी काठी जागेवर ठेवली आणि कॉफीचं विचारलं.

बटणाची जादू

दुसरं दार ओरेगॉनहून आलेल्या एका रिटायर्ड नर्सचं. वय अडुसष्ट, एकटीच फिरते, बरोबर एक म्हातारं कुत्रं. तिने आतूनच बटण दाबलं. गुणगुण आवाज आला आणि आमच्या डोक्यावर सावली पसरली. जेमतेम अर्धं मिनिट!

यातला फंडा असा. रुळाच्या एका टोकात १२ व्होल्टची मोटर बसवलेली असते. दांड्यांमध्ये स्प्रिंग किंवा गॅसचे दट्टे असतात, ते रुळाला बाहेर ढकलतात आणि मोटर कापड सोडत जाते किंवा परत गुंडाळते. मध्येच थांबवता येतं, म्हणजे जागा कमी असेल तर अर्धंच उघडा. बऱ्याच मॉडेल्सना उतारही कमीजास्त करता येतो. काहींना सेन्सर असतो. वाऱ्याने दांड्या हलायला लागल्या की ऑनिंग आपोआप मिटतं. पण बहुतेकांचे पाय जमिनीत रोवता येत नाहीत. सगळा भार ट्रेलरच्या भिंतीवरच.

आणि काकांचा तो विजेचा मुद्दा? तिथे मात्र गणित वेगळं निघालं. मोटर १० अँपिअर घेते असं धरा आणि पूर्ण एक मिनिट चालते असं धरा. तरी १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतला खर्च होतो पाव टक्क्याहून कमी. रात्री हीटरचा पंखा तासन्‌तास जे खातो, त्याच्यापुढे ही चिल्लर! बिनविजेच्या जागी मोटर नको, हे ऐकायला पटतं, पण हिशेबात बसत नाही.

भीती असायचीच तर वेगळ्या गोष्टींची. फ्यूज उडणं, स्विच खराब होणं, वायर तुटणं. ऑनिंग उघडं आणि मोटर गप्प, अशी वेळ आली तर हाताने मिटवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. कुठे हँडल, कुठे ड्रिल मशीन लावून फिरवायचं. ती सोय आपल्या मॉडेलला नेमकी कुठे आहे, हे घेतानाच बघून ठेवायला हवं. वादळात मॅन्युअल शोधत बसणं काही खरं नाही.

मग वारा आला

चौथ्या दिवशी दुपारी दोनचा सुमार. पान हलत नव्हतं. दादा-वहिनी डोंगरावर गेले होते, काका झोपले होते, काकू आणि मी बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. अचानक दक्षिणेकडून मातीचा एक खांब गरगरत येताना दिसला. वावटळ! इथे तिला 'डस्ट डेव्हिल' म्हणतात. तापलेल्या जमिनीवरची हवा भसकन वर उठते आणि फिरायला लागते. आकाश निरभ्र असतं, त्यामुळे आधी सूचना अशी नाहीच.

ओरेगॉनच्या बाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि वावटळ पोचायच्या आत ऑनिंग भिंतीला चिकटलं. अल्बर्टाचे आजी-आजोबा दोन टोकांना उभे राहिले, एकाने खटका पाडला, दुसऱ्याने पट्टा धरला. शेवटच्या क्षणाला का होईना, त्यांचंही मिटलं. चाळीस वर्षांच्या संसाराचा टायमिंग!

त्यांच्या पलीकडचा ट्रेलर मात्र रिकामा होता. माणसं बाजारात गेली होती आणि ऑनिंग उघडंच. वाऱ्याने ते खालून उचललं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं छपरावर टाकलं. एक दांडी पिळली गेली, कापड सोलर पॅनलच्या कोपऱ्यावर फाटलं. आजूबाजूची सात-आठ माणसं धावली, दोऱ्या टाकल्या, कापड दाबून धरलं. तासाभराने मालक आले तेव्हा सगळ्यांनी मिळून ते उतरवलं.

गंमत म्हणजे ते ऑनिंग मोटरवालं होतं. बटण होतं. ते दाबायला घरात कुणी नव्हतं, एवढंच.

काकूंचं मत

रात्री पिठलं-भाकरीच्या वेळी विषय पुन्हा निघाला. दादा किमतीतला फरक सांगत होता, वहिनी रीसेलचं बोलत होती. आणि काकू पहिल्यांदाच बोलल्या. 'वारा काय विचारून येणारे का? तुम्ही दोघं डोंगरावर, हे झोपलेले. माझा हात तिथवर पोचत नाही. मी काय टाळ्या वाजवू?'

सगळे गप्प झाले. कारण दुपारी तसंच घडलं होतं. आमच्यावरचं नवं ऑनिंग अजून लागायचं होतं म्हणून निभावलं!

आठवडाभर आम्ही चर्चा करत होतो ती किमतीची, बॅटरीची, रिपेअरिंगची. खरा प्रश्न होता, वारा येईल तेव्हा घरी कोण असेल? ज्याच्या हाताला ते जमायला हवं, त्याच्या मापाने घ्या. अल्बर्टाची जोडी कायम बरोबर असते आणि दोघांना सवय आहे, तर त्यांना मॅन्युअलच बरोबर. काकू दुपारी एकट्या असणार, त्यांची उंची चार फूट दहा इंच, तर बटण बरोबर. आणि घरी कुणीच नसणार असेल, तर दोन्ही प्रकारात उत्तर एकच. मिटवून जा. सेन्सर असला तरी.

काका उठून बाहेर गेले. पण रागावून नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मोटर बसवताना ते मेकॅनिकच्या शेजारी उभे होते. हाताने मिटवायची सोय कुठे आहे, ड्रिलला कुठला बिट लागतो, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं त्यांनी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत विचारून घेतलं. संध्याकाळी फ्यूजच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि त्यावर मराठीत लिहिलेलं 'छप्पर'. जादा फ्यूज दोन, ड्रिल आणि बिट दाराजवळच्या कप्प्यात. एसटीच्या डेपोत असायचं तसंच. काकूंना त्यांनी बटण तीनदा दाबायला लावलं, आणि चौथ्यांदा मोटर बंद ठेवून स्वतः ड्रिलने मिटवून दाखवलं. खांद्याच्या खालीच राहिला हात, हेही त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

आपल्याकडे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याच्या कॅराव्हॅन आता आपल्याकडेही मिळतात आणि त्यांच्या अंगालाही ऑनिंग दिसायला लागलंय. आपल्याकडे वाऱ्याइतकाच शत्रू पाऊस! अठरा बाय आठ फुटांच्या कापडावर सरासरी एक सेंटिमीटर पाणी साठलं, तर वजन होतं १३० किलोच्या आसपास. दोन धडधाकट माणसं झोपवल्यासारखंच. म्हणून कोकणात उघडाल तेव्हा एक बाजू आधीच खाली घ्या. आणि ओलं गुंडाळलंत तर बुरशी ठरलेली. घरी आल्यावर उघडून पुन्हा वाळवा.

निवडताना...

* घरात सगळ्यात कमी उंचीच्या आणि कमी ताकदीच्या माणसाला एकट्याने मिटवता येतं का, ते दुकानातच करून बघा.
* मॅन्युअल घेत असाल तर खटके आणि नॉब जामलेले नाहीत ना, ते तपासा. प्रवासाला निघताना दांड्यांना पट्टे बांधा. हायवेवर ऑनिंग उलगडलं तर दुरुस्तीचं बिल रडवतं.
* मोटरचं घेत असाल तर फ्यूजची जागा आणि हाताने मिटवायची पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्या.
* फक्त कापड फाटलं असेल तर फक्त कापड बदलून मिळतं. जुन्या मॅन्युअल दांड्यांवर मोटर बसवायची किटही काही मॉडेल्ससाठी मिळतात. सगळंच नवं घ्यायची घाई नको.
* कापड दोन प्रकारचं. व्हिनाइल पाणी छान अडवतं आणि पुसायला सोपं. विणलेलं ॲक्रिलिक हवा खेळती ठेवतं, पण धो-धो पावसात झिरपू शकतं.

कधी जाल, कसं जाल?

डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. जानेवारीत दिवसा साधारण २० अंश, रात्री ५ च्या आसपास, तेव्हा स्वेटर हवाच. जवळचा मोठा विमानतळ फिनिक्स. तिथून गाडीने दोन तास, लॉस एंजेलिसहून चारेक तास. फिनिक्समध्ये ट्रेलर आणि मोटरहोम भाड्याने मिळतात. करार करताना ऑनिंगचं नुकसान कुणाच्या माथी, हे आधी वाचा. मुक्कामाच्या परमिटचे दर निघण्यापूर्वी तपासा. पाणी भरपूर ठेवा, आणि पावसाळी हवा असेल तर कोरड्या ओढ्यांच्या पात्रात गाडी लावू नका.